पात्याच्या पायाशी माती

दादूस कारखान्यात सरळ कधी चालले नाहीत.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत, नावड्याच्या अंगाला आमचा कारखाना होता. साखर कारखान्यांना, भाताच्या मोठ्या गिरण्यांना लागतात तसल्या लहान वाफेच्या टर्बाइन आम्ही बनवायचो. पत्र्याच्या उंच शेडमध्ये शिरलं की समोर तीसेक पावलांवर लोखंडी जिना, जिन्यावर माळा आणि माळ्यावर आमचं ड्रॉइंग ऑफिस. कुठलाही शहाणा माणूस दारातून थेट जिन्याकडे जाईल. दादूस दारातून आत आले की उजवीकडे वळायचे, लेथच्या पाठीमागून भिंतीच्या कडेकडेनं जायचे, ड्रिलिंग मशीनपाशी अचानक डावीकडे वळायचे आणि मधल्या मोकळ्या फरशीला भलामोठा वळसा घालून जिन्याला लागायचे. रोज हेच. हातात डबा, खांद्याला छत्री, नजर पायांशी. वाटेत कोणी ट्रॉली उभी करून ठेवली असली तर ती हलेपर्यंत थांबून राहायचे, पण वाट सोडायचे नाहीत.

मी तेव्हा नवीन होते. गिरगावातली खोली सोडून आई आणि मी नेरूळच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो आणि कंपनीच्या बसनं मी तळोज्याला ड्राफ्ट्समनच्या नोकरीवर जायचे. सत्ताविसाव्या वर्षी मी फार शहाणी होते. म्हणजे तसं मला वाटायचं. आठवडाभर हा वळसा बघून मला राहवेना.

"दादूस, समोर एवढा जिना आहे तो तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतो ना."

"मग?"

"बाय, तो शेत हाय. भातान पाय कसा टाकू?"

मी हसले. ते हसले नाहीत. मग जुन्या मिस्त्रीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. ही वसाहत उठायच्या आधी इथं सगळं खाजण होतं, खाडीच्या काठचं भातशेत. आमची शेड जिथं उभी होती तो तुकडा दादूसच्या घरचा. जमीन गेली, त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती यांना. आपल्याच शेतात ते झाडूवाले म्हणून लागले. लेथच्या पाठीमागून ड्रिलिंग मशीनपर्यंत आणि तिथून वळून जिन्यापर्यंत जी वाट ते चालायचे, तो त्यांच्या शेताचा बांध होता. वर वीस वर्षांचं सिमेंट होतं, तरी त्यांच्या पायाला तो बरोबर सापडायचा.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं. आगरी माणसं भावाला दादूस म्हणतात, म्हणून सगळा कारखाना त्यांना दादूस म्हणायचा. ते मात्र कुणालाच नावानं हाक मारत नसत. मी 'बाय', वेल्डर 'बाला' आणि शेठ नुसता 'तू'. त्यांच्या बोलीत थोरामोठ्यांनाही तूच म्हणतात. शेठ मुंबईचा, इस्त्रीच्या सफारीतला माणूस. पहिल्यांदा म्हणे त्याचे कान लाल झाले होते. मग त्यालाही सवय झाली. "दादूस, मेरे को टेन्शन नको देऊ हां," असं तो म्हणायचा आणि दादूस म्हणायचे, "तू घेऊ नको, मी कवा दिला?"

शिक्षण सातवी. झाडू मारता मारता ते मिलिंग मशीन शिकले, मशीनवरून फिटरच्या बाकावर गेले आणि शेठच्या वडिलांनी एक दिवस त्यांना हाताला धरून वर माळ्यावर आणून बसवलं. कागदावर ते शेवटपर्यंत 'सीनियर फिटर'च होते. पण टर्बाइनच्या चाकात काय दुखतंय हे त्यांना जेवढं कळायचं तेवढं डिग्रीवाल्यांना कळत नव्हतं, ही गोष्ट डिग्रीवाले सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

एक मोठी पंचाईत होती. दादूसना चित्र काढता येत नसे. रेघ म्हणून ओढली की ती भरकटायची. म्हणून ते माती आणायचे. डब्याच्या वरच्या कप्प्यात चटणी-भाकरी आणि खालच्या कप्प्यात खाजणाची काळी चिकणमाती! दुपारी जेवण झालं की माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून ते त्या मातीची पाती करायचे. बोटाएवढी, कमरेत वळलेली, खाली जाड आणि वर पातळ. माळ्यावर ऊन पत्र्यातून उतरायचं, पंखा गरगरत असायचा, खिडकीतून खाडीचा खारट वारा यायचा, आणि माझ्या डोळ्यांवर झापड असताना समोर हा माणूस गुणगुणत, डोळे अर्धवट मिटून, चिखलाची पाती वळतोय. त्या दुपारी मी जागी होते की झोपेत होते, मला आजही नीटसं सांगता यायचं नाही. एवढं मात्र पक्कं आठवतं की एकदा माझ्या तीन दिवसांच्या ट्रेसिंगवर त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हे काय केलंत? आता हे पुसू कशानं?"

"वालू दे. वाल्लं की फुंकर मार, उडेल."

माती वाळली, मी फुंकर मारली, आणि खरंच उडाली. मला त्याचाही राग आला.

भरतीओहोटीचं त्यांचं वेगळंच होतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असलं की ते आल्या आल्या खाली वाकून फरशीला तळहात लावायचे. "आज जमीन फुगली. आज चाक तोलायचा नाय." चाकाचा तोल तपासायचं एक मशीन होतं, त्यावर अमावास्येला चाक चढवू देत नसत. आमचे वर्क्स मॅनेजर साहेब पुण्याचे, टाय लावणारे. ते कपाळाला हात लावायचे. मी मुद्दाम दोनदा वही घेऊन आकडे तपासले. एकदा दादूसचं खरं निघालं, एकदा नाही. दादूस म्हणाले, "दुसऱ्यांदा वारा जमिनीवरचा होता," आणि वर पुन्हा डबा उघडून बसले. मी हात टेकले.

आता ज्याच्यापायी हे सगळं सांगतेय तो रोटर.

टर्बाइनच्या पोटात एक चाक असतं, त्याच्या कडेला चहूबाजूंनी पाती असतात. वाफ त्या पात्यांवर आदळते आणि चाक फिरतं. या फिरत्या चाकालाच रोटर म्हणतात. जुन्या पद्धतीत चाक वेगळं आणि पाती वेगळी. एकेक पातं चाकाच्या खोबणीत बसवायचं. फिरून फिरून खोबण्या ढिल्या होतात, पाती खुळखुळायला लागतात. दादूसच्या डोक्यात कित्येक वर्षं एकसंध रोटर होता. पोलादाचा एकच घडीव गोळा घ्यायचा आणि त्यातूनच चाक आणि पाती कोरून काढायची, जोड म्हणून कुठे ठेवायचाच नाही. काही ढिलं व्हायला मग उरतच नाही. शेठला कल्पना आवडली. पण गिऱ्हाईकं घाबरायची आणि त्यांचं बरोबर होतं. वाफेबरोबर एखादा नटबोल्ट आत गेला आणि एक पातं मोडलं, तर पूर्वी तेवढं पातं काढून दुसरं बसवता यायचं. इथं एका पात्यापायी अख्खा रोटर भंगारात.

त्यावर दादूसनी उपाय काढला होता आणि तो त्यांनी मला मातीतच करून दाखवला. प्रत्येक पात्याच्या पायाशी, चाकाला जिथं ते चिकटतं तिथं, त्यांनी एक उंचवटा ठेवला होता. चांगला जाडजूड. पातं जणू चौथऱ्यावर उभं आहे.

"हा कशाला?"

"ही माती."

"हो, मातीच आहे. पण पोलादात करायचं तेव्हा काय म्हणायचं?"

"तवा पन माती." मग त्यांनी नखानं मातीचं पातं उंचवट्याच्या बरोबर वर कापलं, दुसरं पातं त्या कापलेल्या जागी ठेवलं, बोटानं सांधा दाबला. "आमी बांध घालतो तवा बांधाच्या पाठीशी मातीचे ढीग ठेवतो. त्याच खाजणाची माती. उधानात खांड गेली, म्हनजे बांध फुटला, तर माती शोधत कुठं फिरनार? आनि परक्या शेताची माती धरत नाय, ती सुटते. बांध घालतानाच धरून चालायचा, की फुटनार हाय."

म्हणजे पातं मोडलं की उंचवट्याच्या माथ्यावर कापायचं आणि नवीन पातं तिथं वेल्डिंगनं जोडायचं. सांधा जाड भागात पडतो, तिथं ताण कमी. हत्यार जायला दोन पात्यांमध्ये जागा हवी, तीही त्यांनी ठेवली होती. आणि प्रत्येक रोटरबरोबर त्याच पोलादाच्या गोळ्यातून कोरलेली चार जादा पाती एका पत्र्याच्या डब्यात घालून द्यायची. त्याच खाजणाची माती.

मी ते ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढलं. मन लावून काढलं, पण ते उंचवटे मला आवडले नाहीत, खोटं कशाला बोलू? पात्याची रेघ वरून कशी सुरेख वळत खाली येत होती आणि पायाशी येऊन गुडघा सुजल्यासारखी फुगत होती. मॅनेजर साहेबांना तर ते मुळीच खपत नव्हते. वाफेच्या वाटेत अडथळा, फुकटचं वजन, आणि शिवाय एका फिटरची कल्पना.

मग एकदा मोठ्या उधाणानं दादूसच्या गावचा बांध फुटला. खाडीपलीकडे त्यांच्या भावकीची थोडी शेती अजून राहिली होती. दादूस तीन दिवस रजेवर गेले. दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेब माझ्या टेबलाशी आले. "ते गोळे काढून टाका आणि प्रिंट खाली पाठवा. शेठशी मी बोलतो."

मला 'दादूसना येऊ दे' म्हणता आलं असतं. मी नाही म्हटलं. दाढीचं अर्धं ब्लेड घेतलं आणि शाईची रेघ अलगद खरडायला लागले. ट्रेसिंग पेपरवर असंच खोडतात, वरचा पापुद्रा तासून. उंचवट्याची रेघ गेली, तिथं मी नवी, सरळ उतरती रेघ काढली. पातं कसं सडसडीत दिसायला लागलं. मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, की नुसतं साहेबांनी सांगितलं म्हणून मी ते केलं नाही, मला ते करताना मनापासून बरं वाटलं होतं.

दादूस परत आले तोवर खाली मिलिंग मशीनवर रोटर अर्धा कोरून झाला होता. पोलाद एकदा कापलं की परत घालता येत नाही. त्यांनी डबा ठेवला, खाली गेले, आपल्या बांधावरून मशीनपाशी पोचले आणि जिथं उंचवटा असायला हवा होता तिथं बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. मी वरून बघत होते. आता वर येतील आणि मला फाडून खातील.

वर आले. ट्रेसिंग खिडकीच्या उजेडात धरलं. खरडलेल्या जागी कागद पातळ होतो, त्यातून उजेड जास्त येतो, आणि खोडलेली रेघ सावलीसारखी दिसत राहते. सगळे उंचवटे तिथं होते. अगदी फिकट.

"रेघ मस्त काढलीस, बाय," ते म्हणाले.

मग स्टुलावर बसून त्यांनी गावच्या बांधाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, मला वाटलं विषय बदलतायत. बांधाचे म्हणे घरागणिक वाटे असतात. यंदा खांड त्यांच्या चुलतभावाच्या वाट्याला गेली. त्यानं पावसाआधी माती कमी घातली होती, सगळ्या गावाला माहीत होतं.

"मग काय, शिव्या खाल्ल्या असतील."

"नाय. शिव्या कोन नाय देत. शिव्यांनी खांड भरते काय? ज्याचा वाटा फुटला त्यानं पयला ढेकूल टाकायचा. तो टाकेपर्यंत सगला गाव गप उभा. त्यानं टाकला, की मग सगले उतरतात."

मी 'हो का' म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढत बसले.

तो रोटर एका साखर कारखान्यात गेला. एक हंगाम सुंदर चालला. दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर वाफेच्या नळीतून लोखंडाचा तुकडा आत शिरला आणि दोन पाती मोडली. रोटर खोक्यात घालून आमच्याकडे परत आला. खोकं उघडलं, दादूसनी मोडक्या पात्यांच्या बुडाशी हात फिरवला आणि म्हणाले, "याला माती नाय." एवढंच. माझ्या मात्र तोंडात मारल्यासारखं झालं.

शेठच्या केबिनमध्ये मीटिंग बसली. शेठ, मॅनेजर साहेब, दादूस आणि ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन मी.

"मी आधीपासून सांगत होतो," मॅनेजर साहेब म्हणाले. "एकसंध रोटर आपलं काम नाही. हा प्रकार इथंच बंद करावा. आणि डिझाइन हे डिझाइनच्या माणसांनी करावं. ह्यांना खाली पाठवा, बाकावर त्यांचा उपयोग आहे."

शेठ वैतागलेला होता. "दादूस, तूच बोलला होतास ना, पातं मोडलं तर बदलता येईल? मी पार्टीला तसा शब्द दिला. आता बदल ना!"

दादूस खिडकीबाहेर बघत होते. ओहोटी होती, लांबवर चिखल चकाकत होता. मी वाट बघितली की आता ते माझ्याकडे बोट दाखवतील. त्यांनी दाखवलं नाही. तेव्हा मला त्यांची गोष्ट आठवली आणि एकदम उमगलं की ती त्यांनी मला का सांगितली होती, आणि हा म्हातारा दीड वर्षं गप्प का उभा आहे. लाजेनं माझे कान तापले.

"शेठ," मी म्हणाले, "ड्रॉइंगमध्ये बदलायची सोय होती. मी ती खरडून काढली."

"म्हणजे?"

मी गुंडाळी सोडली आणि ट्रेसिंग खिडकीवर धरलं. सगळे फिकट उंचवटे उजेडात वर आले.

"वाफेच्या दृष्टीनं ते अयोग्यच होते," मॅनेजर साहेब म्हणाले. "मीच सांगितलं होतं तिला."

"साहेबांनी सांगितलं, पण हात माझा होता. दादूसना विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. यात त्यांची चूक काडीइतकी नाही."

शेठनं कागदाकडे पाहिलं, मग दादूसकडे. "तू का नाय बोललास?"

"माझा वाटा नव्हता," दादूस म्हणाले. मग खुर्ची सरकवून उठले. "अजून एक बनवू. माती ठेवून. तुझ्यासमोर त्याचा पाता मोडतो, जोडतो, आनि चाचनीच्या खड्ड्यात फिरवतो. नाय टिकला त मी खाली जातो, परत वर येनार नाय. तुझा एकसंध रोटर पन बंद."

"कोरा करकरीत रोटर मोडणार? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मोडल्याशिवाय कसा कलनार?"

शेठनं दोन मिनिटं डोकं धरलं आणि हो म्हणाला. का म्हणाला, देव जाणे. त्याच्या वडिलांनी या माणसाला हाताला धरून वर आणलं होतं, ते आठवलं असेल.

रोटर तयार झाला. उंचवट्यांसकट तो तसा बेढब नव्हता, मला उगाच वाटलं होतं. फुलाच्या देठाशी असतं तसं काहीतरी होतं त्यात. दादूसनी एका पात्याला करवतीनं खाच पाडली, मोठा घण उचलला आणि सगळ्यांच्या देखत घातला. तिसऱ्या घावाला पातं तुटून फरशीवर खणखणत गेलं. मिस्त्रीनं तोंड फिरवलं होतं. दादूसनी तुटकं पातं उचलून शर्टाच्या खिशात ठेवलं.

मग उंचवट्याच्या माथ्यावर कापून, घासून सपाट केलं. पत्र्याच्या डब्यातून त्याच पोलादाचं पातं काढलं. आमचा वेल्डर दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस, त्या दिवशी एकही बोलला नाही. आधी रोटर भट्टीत तापवला, मग जोडलं, आणि लगेच सगळा भाग चुन्याच्या भुकटीत गाडून टाकला, सावकाश निवायला. "घाई केली की ओला बांध तडकतो," असं म्हणत दादूस त्याच्याशेजारी मांडी ठोकून बसले. दोन दिवस त्यांनी तिथंच जेवण केलं. मधून मधून चुन्यावर तळहात धरायचे, जमिनीवर धरायचे तसाच. भट्टीच्या बाजूनं ऊब यायची, चुन्याची पांढरी धूळ उन्हाच्या तिरिपीत तरंगत असायची, आणि त्या धुळीत बसलेले दादूस मला मिठागरातल्या माणसासारखे दिसायचे.

दिवस त्यांनीच निवडला. अष्टमीचा, भांगाच्या भरतीचा. तेव्हा खाडीचं पाणी फारसं चढत नाही. "आज जमीन झोपलेली हाय," ते म्हणाले. या वेळी कपाळाला हात लावायचं मॅनेजर साहेबांनाही सुचलं नाही.

शेडच्या पलीकडच्या टोकाला जमिनीत खड्डा होता, वर जाड पोलादी झाकण. त्यात रोटर टांगून, तो जन्मात जेवढा फिरणार नाही तेवढ्या वेगानं फिरवायचा. कच्चा असेल तर आतच फुटेल. सगळी मशीन बंद केली. शेठ, साहेब, मिस्त्री, सगळे खड्ड्याकडच्या जाळीमागे जाऊन उभे राहिले. दादूस गेले नाहीत. ते ड्रिलिंग मशीनच्या वळणावर उभे राहिले, आणि मी त्यांच्या बाजूला.

"जवळ नाही यायचं?"

"बांधावरून समदा कलतं."

आधी गुणगुण. मग तिचा सूर चढत गेला. फरशी तळपायांत बारीक थरथरायला लागली. माझ्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती, की हे पातं टिकलं नाही तर हा माणूस परत जिना चढणार नाही, आणि ते माझ्या अर्ध्या ब्लेडमुळे. मी आईच्या सगळ्या देवांना नवस बोलून टाकले. सूर चढला, चढला, आणि एका जागी येऊन स्थिर झाला. किती वेळ तसा राहिला सांगता येणार नाही. दादूसनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना मला क्षणभर सगळी शेड नाहीशी झाल्यासारखी वाटली, पत्रे, लेथ, माणसं सगळं, आणि आम्ही दोघं हिरव्या भातामध्ये एका अरुंद बांधावर उभे आहोत आणि खालून पाणी वाहतंय असं वाटलं.

मग सूर उतरायला लागला. थांबला. झाकण उघडलं. मिस्त्रीनं आत कंदील सोडला, वाकून पाहिलं आणि ओरडला, "दादूस, जसाच्या तसा हाय रे!"

दादूस निघाले. आणि निघाले ते सरळ! वळसा नाही, भिंतीची कड नाही, मधल्या फरशीवरून थेट खड्ड्याकडे. चार पावलं गेल्यावर मध्येच थांबले. पायांकडे बघितलं. चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि भातातून जावं तसे एकेक पाऊल जपून टाकत, अनवाणी, पलीकडे गेले. सबंध कारखाना बघत होता. शेठनं त्यांच्या पाठीवर थाप मारली तेव्हा तो रडत होता का घाम पुसत होता, ते मला इतक्या लांबून कळलं नाही. मी तर रडतच होते.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वाटेनं, बांधावरून, वर आले. जुनं ट्रेसिंग माझ्यापुढे पसरलं.

"थांबा, नवीन कागद घेते," मी म्हणाले.

"नको. याच्यावरच."

"खरडलेल्या जागी शाई फुटते हो. घाण दिसेल."

ते नुसते स्टुलावर बसून राहिले, डबासुद्धा उघडला नाही. फुटल्या बांधावर उभ्या राहिलेल्या गावासारखे गप्प. मग मला समजलं. मी खरडलेली जागा नखानं घोटून घोटून गुळगुळीत केली, पेनात शाई भरली आणि पहिल्या उंचवट्याची रेघ काढली. ती काढून झाल्यावरच त्यांनी डबा उघडला, मातीचा गोळा बाहेर काढला आणि म्हणाले, "हां. आता दुसऱ्या कामाचा सांग, कुठं आडतंय?"

शाई फुटलीच. सगळे उंचवटे जरा जाड, जरा पसरट आले.

दादूस आता नाहीत. कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा ट्रेसिंगच्या गुंडाळ्या रद्दीत निघाल्या, त्यातली ही एक मी नेरूळला घरी आणली. कधीतरी दुपारी खिडकीवर धरून बघते. इतकी वर्षं या हातांनी बारीक, स्वच्छ रेघा काढल्यात. ती जाड रेघ दिसली की बोटं अजून शिवशिवतात. पण ब्लेड मी घेत नाही.